मोजणाऱ्या टूलचा कोड तरी घाईत अप्रूव्ह करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सॉफ्टवेअरबद्दल पेपरात येतं ते बहुतेक नवीन ॲप, नवीन एआय नाहीतर कुठेतरी सर्व्हर बसला याबद्दल. पण सर्व्हर बसलाय किंवा हळू चाललाय हे ज्या टूलमुळे कळतं त्या टूलचा कोड कोण तपासतं, कसा तपासतं यावर मी तरी कधी काही वाचलं नाही, म्हणून हे पत्र लिहितोय. मी गेली बारा वर्षं परफॉर्मन्स मॉनिटरिंगच्या टूलवर काम करतो आणि त्यातला निम्मा वेळ दुसऱ्यांनी केलेले बदल वाचण्यात जातो.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात, कुणी कोडमध्ये बदल केला की तो लगेच आत जात नाही, दुसऱ्या कुणीतरी तो ओळीनं ओळ वाचून हो म्हटल्यावर जातो, यालाच कोड रिव्ह्यू म्हणतात. म्हणजे असं व्हायला हवं. प्रत्यक्षात पॅच, म्हणजे असा बदल, येतो, टेस्ट हिरव्या म्हणजे पास झालेल्या दिसतात, वाचणाऱ्याच्या डोक्यावर स्वतःचं काम असतं, तो वरून खाली एकदा स्क्रोल करतो आणि ‘एलजीटीएम’ (लुक्स गुड टू मी, म्हणजे मला ठीक वाटतंय) लिहून मोकळा होतो.

साध्या ॲपच्या बाबतीत हे एकवेळ निभावतं, कारण बटण चाललं नाही तर पाच मिनिटांत कुणीतरी बोंब मारतंच. मोजणारं टूल चुकलं तर कुणीच बोंब मारत नाही. ग्राफ येतच राहतो, आकडे दिसतच राहतात, फक्त ते खोटे असतात. कुंपणच शेत खायला लागलं तर राखणीला कोण.

माझ्याच हातून झालेलं सांगतो. आमच्या टूलमध्ये प्रत्येक रिक्वेस्टला किती वेळ लागला त्याची नोंद हिस्टोग्राममध्ये, म्हणजे कुठल्या वेळेच्या गटात किती रिक्वेस्ट आल्या त्या मोजणीत, पडते आणि त्यावरून पी९९ काढतो, म्हणजे शंभरातल्या नव्याण्णव रिक्वेस्ट ज्या वेळेच्या आत पूर्ण झाल्या तो आकडा. एकदा चौदा ओळींचा पॅच आला, नाव होतं ‘क्लीनअप’. एरर आली की फंक्शनमधून लवकर बाहेर पडायचं, एवढाच बदल. वाचायला छान, कोड सुटसुटीत झालेला, टेस्ट सगळ्या पास, शुक्रवारची संध्याकाळ, मी अप्रूव्ह केला. मला जे दिसायला हवं होतं आणि दिसलं नाही ते हे, की नोंद करणारी ओळ त्या नव्या रिटर्नच्या, म्हणजे बाहेर पडायच्या ओळीच्या, खाली राहिली होती. म्हणजे तीस सेकंद थांबून टाइमआउट झालेली, म्हणजे उत्तर न येता सोडून दिलेली, रिक्वेस्ट आता मोजलीच जात नव्हती, आणि आमच्या टेस्टमध्ये टाइमआउटची एकही केस नव्हती.

पुढच्या आठवड्यात पी९९ धाडकन खाली आला. दुसऱ्या टीमनं त्याच सुमारास कॅशिंगचं, म्हणजे वारंवार लागणारा डेटा हाताशी ठेवायचं, काम केलं होतं, सगळ्यांना वाटलं त्याचाच परिणाम, अभिनंदनाचे मेल फिरले. इकडे सपोर्टला तक्रारी येत होत्या की पान उघडतच नाही, आणि आम्ही त्यांना ग्राफ दाखवून सांगत होतो की आमच्याकडे सगळं व्यवस्थित आहे, तुमचं नेटवर्क बघा. तीन आठवडे. शेवटी एकीनं लोड बॅलन्सरच्या (रिक्वेस्ट सर्व्हरमध्ये वाटून देणाऱ्या यंत्रणेच्या) लॉगमधल्या रिक्वेस्ट मोजल्या आणि आमच्या हिस्टोग्राममधल्या मोजल्या, तेव्हा ताळमेळ बसेना, आणि मग सापडलं. सिस्टिम जितकी जास्त अडकायची तितका आमचा ग्राफ जास्त चांगला दिसायचा. जे लोक खरं सांगत होते त्यांनाच आम्ही खोटं पाडलं याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून अशा टूलचा पॅच वाचताना मी डिफमध्ये (बदललेल्या ओळींच्या यादीत) काय आहे त्याच्याआधी कुठला आकडा यानं बदलेल हे बघतो. वेळ कुठल्या घड्याळावरून घेतलाय? भिंतीवरच्या घड्याळासारखं जे सिस्टिम क्लॉक असतं ते एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवायची सोय) मागेपुढे सरकवू शकतं, त्यामुळे कालावधी मोजायला मोनोटोनिक, म्हणजे कधीच मागे न जाणारं, क्लॉकच लागतं. आणि कालावधी निगेटिव्ह आला तर शून्य धरा अशी ओळ कुणी टाकली असेल तर मी तो पॅच तिथेच थांबवतो, कारण ती चूक दुरुस्त करत नाही, लपवते. दहा सर्व्हरच्या पी९९ची सरासरी काढणारा कोड तर इतक्यांदा येतो की विचारू नका. पी९९सारख्या पर्सेंटाइलची सरासरी काढली की हातात जो आकडा येतो त्याला काही अर्थ नसतो, आधी हिस्टोग्राम एकत्र करावे लागतात आणि मग त्यातून पी९९ काढावा लागतो.

सगळ्यात जास्त भांडण मी शून्यावरून करतो. शून्य वेगळं आणि ‘मोजलं नाही’ वेगळं. लिनक्समधलं पर्फ हे परफॉर्मन्स मोजायचं टूल यासाठी बघण्यासारखं आहे, २००९ मध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, २.६.३१ बरोबर आलं आणि त्याचा सोर्स सगळ्यांना खुला आहे. प्रोसेसरमध्ये आत घडणाऱ्या गोष्टी, म्हणजे इव्हेंट, मोजणारे हार्डवेअर काउंटर मोजकेच असतात, तुम्ही त्याहून जास्त इव्हेंट मागितले तर कर्नल त्यांना आळीपाळीनं चालवतं आणि जेवढा वेळ मोजलं त्या प्रमाणात पर्फ आकडा वाढवून देतं, म्हणजे तो अंदाज असतो. पण ‘पर्फ स्टॅट’ तो लपवत नाही, आकड्याशेजारी लिहितं की एकूण वेळेपैकी इतके टक्केच खरं मोजलंय, आणि एखाद्या इव्हेंटची पाळीच आली नाही तर ० न छापता ‘नॉट काउंटेड’ असं छापतं. उद्या कुणी म्हणालं हे टक्के काढून टाकू, आउटपुट स्वच्छ दिसेल, तर त्याला नाही म्हणायचं काम रिव्ह्यू करणाऱ्याचं आहे.

टूल स्वतः किती खातं हाही प्रश्न आहेच. ‘पर्फ रेकॉर्ड’ डीफॉल्टला सेकंदाला ४००० सॅम्पल, म्हणजे त्या क्षणी कुठला कोड चालू आहे त्याच्या नोंदी, घ्यायला बघतं, तिथे कुणी एक लॉक किंवा एक मेमरी ॲलोकेशन वाढवलं तर ते सेकंदाला ४००० वेळा होणार. म्हणून बदलाच्या आधीचे आणि नंतरचे आकडे पॅचबरोबर मागायचेच, ‘फरक पडत नाही’ असं नुसतं लिहिलेलं चालत नाही.

एवढा आटापिटा कशासाठी असं वाटेल, तर मार्च २०२४ मधली एक्सझेड या फाइल कॉम्प्रेस करणाऱ्या टूलची गोष्ट आठवा. अँड्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा इंजिनिअर बेंचमार्किंग (वेग मोजायच्या चाचण्या) करत होता, त्याला दिसलं की एसएसएच, म्हणजे दूरच्या मशीनवरचं, लॉगिन विनाकारण सीपीयू खातंय, आधी साधारण ०.३ सेकंद लागायचे तिथे आता ०.८ लागतायत. त्यानं पर्फ लावून बघितलं तर वेळ एक्सझेडच्याच लिबएलझेडएमए नावाच्या लायब्ररीत जात होता आणि तो नेमका कुठल्या फंक्शनचा हे पर्फला सांगता येत नव्हतं. तिथून माग काढत तो एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये लपवलेल्या बॅकडोअरपर्यंत, म्हणजे चोरदरवाजापर्यंत, पोचला. आता विचार करा, ज्या सॅम्पलचं नाव सापडत नाही ते कचरा म्हणून गाळून टाकणारा एखादा ‘क्लीनअप’ त्या टूलमध्ये आधीच शिरला असता तर? टूलनं माहीत नसलेलं तसंच दाखवलं म्हणून धागा हाताला लागला.

माझी मागणी फार मोठी नाही. कंपन्यांनी रिव्ह्यूला वेळ द्यावा, म्हणजे प्लॅनिंगमध्ये तास लिहून द्यावा, उरल्यासुरल्या वेळात उरकायचं काम म्हणून नको. आता तर पॅच यंत्रं लिहायला लागलीत, ओळी भराभर येतात, वाचणारे डोळे मात्र तेवढेच आहेत. आणि नाव लावायची पद्धत पाळावी. लिनक्स कर्नलमध्ये ‘रिव्ह्यूड-बाय’ म्हणून नाव लावणं म्हणजे मी हे नीट तपासलंय असं जाहीर सांगणं असतं, ते नाव कमिटबरोबर, म्हणजे आत गेलेल्या बदलाच्या नोंदीबरोबर, कायमचं राहतं. तसं नाव लावायची वेळ आली की माणूस परत एकदा वर जाऊन वाचतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

आत्ताही समोर एक पॅच उघडा आहे, नऊ ओळींचा. डेटा आला नाही तर मागचाच आकडा पुढे दाखवायचा असं त्यात आहे, ग्राफमध्ये खंड दिसू नये म्हणून. पाठवणारी मुलगी नवीन आहे, हुशार आहे. मी तिला लिहिलंय की खंड राहू दे, आणि का ते समजावून सांगायला उद्या सकाळी बसू.

आपला,
एक वाचक