फोटो, ठसे आणि पारधी बेडा

महोदय,

पॅरिस पोलिसांतील आल्फोन्स बर्तियाँ यांनी १८८०च्या दशकात आरोपीचा एक फोटो समोरून व एक बाजूने, ठरावीक अंतरावरून घेण्याची शिस्त घातली, कारण दाढी वाढवली तरी कानाची ठेवण बदलत नाही. माणूस ओळखण्यासाठी ते घेत ती शरीराची मोजमापे मात्र मोजणाऱ्या हातागणिक मिलिमीटरने चुकत. पुढे १८९७ साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे कार्यालय निघाले. ठसा माणूस ओळखतो, जमात नव्हे. पारध्यांसारख्या अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२मध्ये रद्द झाला, तरी आमच्याकडे वेचलेला कापूस चोरीला गेला की संशय आधी पारधी बेड्यावरच, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर. गेल्या हंगामात तिथल्या एका पोराचा फोटो मोबाइलवर गावभर फिरला, आणि कापूस सापडला भलत्याच कोठ्यात. फोटो अजून फिरतोच आहे.

– एक निवृत्त शिक्षक, दारव्हा (जि. यवतमाळ)