‘कॅन्सरवर रामबाण’ छापताना पेशी की पेशंट तेवढं लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका पेपरात आलं होतं की अमुक पाल्याच्या अर्काने अंडाशयाच्या कॅन्सरच्या पेशी मरतात, माझ्या मावशीने ते कात्रण देव्हाऱ्यात ठेवलंय. केमोच्या चार सायकल झाल्यात, पाचवीला जायचं नाही म्हणून अडून बसली, पाला वाटून पिते म्हणे.

मी इथेच सोलापुरात बायोटेकची एमएस्सी केली, मग दोन वर्षं पुण्यात एका लॅबमध्ये असल्याच पेशी वाढवल्या, म्हणून सांगतो अर्काने पेशी मरतात का बघायची ही टेस्ट काय असते. तळहाताएवढी ९६ खळग्यांची प्लास्टिकची प्लेट, खळग्यात काही हजार पेशी सोडायच्या, इन्क्युबेटरला ३७ डिग्रीवर ठेवायच्या, अर्क टाकायचा आणि दोन-तीन दिवसांनी एमटीटीचं पिवळं द्रावण टाकायचं. जिवंत पेशी ते जांभळं करतात आणि मशीन तो जांभळेपणा वाचतं. म्हणजे मोजला रंग, पेशी नाही. पेशी मेली नाही, नुसती सुस्तावली तरी रंग कमीच येतो, कडेच्या खळग्यातलं पाणी उडालं तरी आकडा हलतो, आणि काही अर्क तर पेशी नसल्या तरी स्वतःच एमटीटी जांभळं करतात. म्हणून आम्ही ट्रायपॅन ब्लू नावाचा रंग टाकून काचेवरच्या बारीक चौकटीत एकेक पेशी मोजायचो, मेलेली निळी, जिवंत चकचकीत कोरी, मान मोडून जायची पण खरं काय ते तिथं कळायचं. अहो मीठ जास्त पडलं तरी प्लेटमधल्या पेशी मरतात!

त्यात पेशी कुठल्या हेही कुणी लिहीत नाही. एसकेओव्ही-३ म्हणून ज्या सर्रास वापरतात त्या १९७३ साली एका पेशंटच्या पोटातल्या पाण्यातून काढलेल्या, आणि २०१३ मध्ये जनुकं ताडून बघितली तर या कॅन्सरच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकाराशी त्या फारशा जुळेनात.

झाडपाल्याला माझा विरोध नाही. मावशीला सलाइनमधून जे पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध देतात तेपण मूळचं झाडाच्या सालीतलंच, साल गोळा केली १९६२ ला आणि अमेरिकेत मंजुरी मिळाली १९९२ ला, तीपण अंडाशयाच्या कॅन्सरसाठीच. मधली तीस वर्षं तपासण्यातच गेली. हे सांगितलं तेव्हा कुठं मावशी गप्प झाली, सोमवारी तिला पाचव्या सायकलला नेतोय.

तुम्हाला हात जोडून एकच विनंती, अशी बातमी आली की पहिल्याच ओळीत छापा, प्रयोग प्लेटमधल्या पेशींवर झाला, उंदरांवर का माणसांवर.

आपला एक वाचक,
जुळे सोलापूर