उंबऱ्याचं माप

सीबीडी बेलापूर,
रविवार

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

बाबा, गेल्या महिन्यात "बरं, ठेवतो" म्हणून फोन ठेवलात, तेव्हापासून आईच बोलते. तुम्हाला बोलवा म्हटलं की "झोपलेत" म्हणते. सकाळी अकरा वाजता तुम्ही कधी झोपलात? म्हणून पत्र.

आज उजाडताच चालायला बाहेर पडलो. इथे किल्ले गावठाण आहे, त्याच्यालगत बेलापूरचा किल्ला. विजयदुर्गाची तिहेरी तटबंदी रोज बघणारा माणूस याला किल्ला म्हणायचाच नाही. एक बुरूज, थोडी पडकी भिंत, बाकी झाडोरा. पण पनवेल खाडीच्या तोंडावर अगदी नेमका बसवलाय. सोळाव्या शतकात सिद्दींनी बांधला, १६८२ साली पोर्तुगीजांकडे गेला, पुढे चिमाजी अप्पांच्या काळात मराठ्यांकडे आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे. पोर्तुगीज या जागेला सबायो म्हणत, म्हणजे आपलं शहाबाज. ते गाव अजून शेजारीच आहे. आई, तुला यातली दुसरीच गोष्ट आवडेल. किल्ला मिळाला तर अमृतेश्वराला बेलाची माळ वाहीन, असं चिमाजी अप्पा बोलले होते, म्हणून हे बेलापूर. खरं-खोटं शंकराला ठाऊक.

बुरुजात पिंपळ उगवलाय. त्याच्या मुळाने एक दगड जागचा उचललाय आणि तसाच धरून ठेवलाय, पडू देत नाही.

तिथून दिवाळे कोळीवाड्याच्या धक्क्यावर गेलो. ओहोटी होती. तिवरांच्या मुळांशी चिखलात निवट्या टुणटुण उडत होत्या. तुम्ही असता तर बनियनवर खाली उतरला असता.

धक्क्यावर एक म्हातारेबाबा बसले होते. खाडीपलीकडे विमानतळ दिसत होता, तिकडे बोट करून म्हणाले, "आमचं गाव तिथं होतं." विमानतळासाठी अशी दहा गावं उठली. उलव्याची टेकडी फोडली, नदीचं पात्र वळवलं, भराव घातला आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं. हे सगळं मला बातम्यांमधून माहीत होतं. उंबऱ्याचं माहीत नव्हतं.

घर पाडायच्या आदल्या दिवशी त्यांनी दाराचा उंबरा उखडून टेम्पोत टाकला. सागाचा, मधोमध झिजलेला. नव्या घराचं दार अरुंद निघालं, उंबरा काही बसेना. सुतार म्हणाला, दोन्हीकडून कापतो. यांनी हात लावू दिला नाही. आता तो गच्चीवर पडलाय, त्यावर सून पापडांची ताटं ठेवते. मोबदला मिळाला का, असं मी विचारलं (काय सुचलं कोण जाणे!). "मिळाला की," म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले.

घरी आल्यावर मी आमचं दार मोजलं. पावणेतीन फूट. बाबा, आपल्या माजघराचा उंबरा किती भरेल? एकदा मोजून... नको, राहू दे. हातही लावू नका त्याला.

त्या दिवशी मी घर विकायचं म्हणालो, तेव्हा गिऱ्हाईक समोर उभं होतं आणि इकडे मोठी जागा घ्यायचं डोक्यात होतं. त्याला काल संध्याकाळपर्यंत "विचार करतो" सांगत होतो. आज चहा पिऊन झाल्यावर "नाही" कळवलं. तो जरा चिडलाय, चिडू दे.

मे महिन्यात दहा दिवस येतोय. पावसाआधी कौलं चाळून घेऊ. पडवीच्या कोपऱ्यातला वासा कुजलाय असं आई म्हणत होती, तोही बदलू. माणूस आत्ताच सांगून ठेवा, गेल्या वर्षी ऐन वेळी कोणी मिळालं नव्हतं. आणि परतताना तुम्ही दोघं पंधरा दिवस इकडे चला, फक्त पंधरा. कपड्यांची एकच पिशवी घ्या. ओहोटीची वेळ बघून धक्क्यावर जाऊ.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर लिही, इथून आणतो.

बुधवारी रात्री फोन करतो. बाबांनीच उचलायचा.

तुमचा,
बाळू