पोर्टलवरची तक्रार एफआयआर कधी होणार? – गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय,

बँकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिकांना ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारी केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवायला मदत करतो. त्या अनुभवावरून सांगतो की, आज तक्रार करणे सोपे झाले आहे, पण तिचा गुन्हा नोंदवून घेणे फार अवघड आहे आणि बहुतेक तपास तिथेच अडतात.

अलीकडेच एका निवृत्त शिक्षिकेला ‘बिल न भरल्यामुळे आज रात्री साडेनऊ वाजता वीज तोडली जाईल’ असा मेसेज आला. त्यातील क्रमांकावर त्यांनी फोन केला, पलीकडच्याने सांगितलेले अॅप डाउनलोड केले आणि काही मिनिटांत त्यांच्या बचत खात्यातून ८८ हजार रुपये गेले. सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन लागला, तक्रारीचा क्रमांकही मिळाला. पोचपावतीची प्रत घेऊन आम्ही पोलीस ठाण्यात गेलो, तेव्हा ‘पोर्टलवर तक्रार झाली आहे ना, मग वाट बघा’ असे सांगून आम्हाला परत पाठवण्यात आले. पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे, हे बाईंना तिथे कोणीही सांगितले नाही. एफआयआर नाही म्हणून तपास अधिकारी नाही, आणि तपास अधिकारी नाही म्हणून पैसे ज्या एटीएममधून निघाले तिथले सीसीटीव्ही चित्रीकरण वेळेत मागवणारेही कोणी नाही; ते चित्रीकरण काही कायम जपून ठेवले जात नाही.

दखलपात्र गुन्ह्याची (म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची) माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ सालीच सांगितले आहे. तरीही नोंद टाळली जाते, याचा सगळा दोष ठाण्यातल्या हवालदाराच्या माथी मारणे मला योग्य वाटत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ नुसार या गुन्ह्यांचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. ठाण्यात असे अधिकारी मोजकेच आणि त्यांच्या मागे बंदोबस्तापासून कोर्टाच्या तारखांपर्यंत सगळे लागलेले. पैसे गेलेले असतात परराज्यातल्या खात्यात. ८८ हजारांसाठी तिकडे पथक पाठवायला मंजुरी कोण देणार? पाठवलेच, तर हाती लागतो काही हजारांच्या मोबदल्यात आपले खाते आणि सिमकार्ड दुसऱ्याच्या ताब्यात दिलेला एखादा मजूर किंवा विद्यार्थी. सूत्रधार दूरच राहतो आणि प्रकरण ‘अ’ समरीत जाते, म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही.

परंतु महोदय, ते भाड्याचे खाते एकाच माणसाला लुटण्यासाठी वापरलेले नसते. त्याच खात्यात लातूरच्या, नाशिकच्या, ठाण्याच्या माणसांचेही पैसे आलेले असू शकतात, आणि प्रत्येक ठाण्याला मात्र आपल्यापुढची तेवढी एक किरकोळ तक्रार दिसते. केंद्रीय गृह मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये देशभरात सायबर फसवणुकीतून २२,८४५ कोटी रुपये गेले. ही रक्कम अशा ‘किरकोळ’ तक्रारींनीही फुगलेली आहे. वर्षभर दोन-चार हजारांची उलाढाल असलेल्या खात्यात एका दुपारी लाखो रुपये येतात आणि तासाभरात निघून जातात, हे बँकेच्या यंत्रणेला दिसत नाही, यावर आयुष्यभर बँकेत काम केलेल्या माझा विश्वास बसत नाही. असे खाते उघडणाऱ्या आणि चालू ठेवणाऱ्या शाखेचीही चौकशी व्हायला हवी.

म्हणून माझी विनंती आहे की, एकाच खात्याशी जोडलेल्या राज्यभरातील तक्रारी एकत्र करून राज्याच्या सायबर गुन्हे यंत्रणेच्या, म्हणजे ‘महाराष्ट्र सायबर’च्या, एका पथकाकडे द्याव्यात आणि परराज्यात जाण्यासाठी त्या पथकाला स्वतंत्र निधी असावा. उपनिरीक्षकांनाही तपासाचा अधिकार मिळावा यासाठी राज्याने केंद्राकडे पाठपुरावा करावा. तसेच पोर्टलवर किती तक्रारी आल्या, त्यांपैकी कितींचे एफआयआर झाले, किती प्रकरणांत दोषारोपपत्र दाखल झाले आणि किती जणांना शिक्षा झाली, हे आकडे पोलीस ठाण्यानुसार प्रत्येक अधिवेशनात विधिमंडळापुढे ठेवावेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बँक अधिकारी