‘पुण्याला या’ हे शेवटचं

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर हा विषय निघाला की तिघांचेही आवाज चढतात, म्हणून लिहितेय.

22 जुलै 2021ला वाशिष्ठीचं पाणी आपल्या माजघरात छातीभर चढलं आणि दोन दिवस तुमचा फोन लागला नाही. तेव्हापासून मी एकच धोशा लावलाय, चिपळूण सोडा, पुण्याला या. गेल्या हिवाळ्यात आलातही. चार महिन्यांचं ठरलं होतं, सातव्या आठवड्यात बाबांनी पिशवी भरली. खरं सांगते, मी चिडले होते.

आई, त्या रात्री तू बाथरूमला म्हणून उठलीस आणि डावीकडे वळलीस. तिकडे डावीकडेच आहे ना! इथे डावीकडे कपाट. कपाळाला हे एवढं टेंगूळ, आणि सकाळी मला म्हणतेस, “झोपेत होते गं.” मला वाटलं तुझी नजर फारच गेली. मग दिवाळीत तिकडे आले, तर दिवे गेलेले आणि तू अंधारात मिसळणाच्या डब्यातून मोहरी काढून फोडणी घालतेयस. नजर तिथेही तेवढीच अधू. पण चाळीस वर्षं वापरलेल्या घरात हातांना सगळं ठाऊक असतं, इथे बिचारे चाचपडत होते. हे मला आधी कळायला हवं होतं.

“निदान पावसाळ्यापुरतं या” म्हटलं की बाबांचं उत्तर ठरलेलं: घर चार महिने बंद राहिलं तर ओल चढेल, वासे वाळवी खाईल. मला तो बहाणा वाटायचा. शेजारचं बंद घर बघितल्यावर मीच गप्प बसले.

पण बाबा, आहे तसंही चालणार नाही. आईचे गुडघे म्हणतात खाली राहा, नदी म्हणते वर. तेव्हा मधला मार्ग असा: जून ते सप्टेंबर मुक्काम वरच्या खोलीत. तिथे कमोडचा संडास बांधून घ्यायचा, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, आणि वरच एक छोटी शेगडी. म्हणजे आईला दिवसातून एकदाच चढ-उतार. खर्च माझा, यावर वाद नको. हे नको असेल तर गावातच, पाणी न चढणाऱ्या भागात, लिफ्टची जागा भाड्याने बघू. दुधवाला, डॉक्टर, आईचं भजनी मंडळ, सगळं तेच राहील.

आणि घर आमच्या नावावर बक्षीसपत्राने करायचं डोक्यातून काढा. 2007च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात 23वं कलम आहे. सांभाळायची अट घालून दिलेलं घर, अट मोडली तर परत मागता येतं. पण मुळात द्यायचंच कशाला? मृत्युपत्र करा. दादा आणि मी भांडणार नाही असं मीही म्हणते, तरीही घर तुमच्या हयातीत तुमच्याच नावावर राहू दे.

यायचं तेव्हा पाहुण्यासारखे या. बाबांना पंचाहत्तरी उलटल्यामुळे एसटी फुकट, आईला अर्धं तिकीट. कुंभार्ली घाटात खिडकी कोणाची यावरून तेवढं भांडू नका.

गवंडी येत्या रविवारी जिना बघायला येतोय. बाबा, त्याला चहा पाजून परत पाठवू नका.

तुमची,
ताई