विषय: सोलर वॉटर हीटरची चुकीची जोडणी दुरुस्त करून मिळण्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक,
सौर जलतापक विभाग

दिनांक: १२ जानेवारी २०२६
ठिकाण: धायरी, पुणे

महोदय / महोदया,

४ ऑक्टोबर २०२५ रोजी आपल्या कंपनीचा २०० लिटरचा, काचेच्या नळ्यांचा सोलर वॉटर हीटर आमच्या घरावर बसवण्यात आला. जोडणीसह ३८,५०० रुपये आम्ही एकरकमी भरले. तेव्हापासून आजपर्यंत सकाळच्या वेळी आम्हाला सलग चार दिवससुद्धा गरम पाणी मिळालेलं नाही. फोनवर पाच वेळा तक्रार नोंदवली, तीन वेळा आपला माणूस येऊन गेला आणि प्रत्येक वेळी ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे’ असा मेसेज आला. तक्रार सुटलेली नाही. म्हणून हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवत आहे.

आमचं घर दोन मजल्यांचं आहे. घरात सहा माणसं. त्यात ८२ वर्षांच्या सासूबाई आणि सात महिन्यांचा नातू. आजवर दोन गीझर होते. हिवाळ्यात बिल ३०० युनिटच्या पुढे गेलं की वरच्या युनिटांना चढा दर लागतो आणि आमचं दर हिवाळ्यात तेच व्हायचं. सिंहगड रस्त्याच्या या भागात पावसाळा सरला की ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत गच्चीवर ऊन नुसतं सांडलेलं असतं. त्या उन्हात आपण पापड, सांडगे वाळवतो, मग आंघोळीचं पाणी विजेवर कशाला तापवायचं, हा विचार माझ्या मनात कित्येक वर्षं होता. मी शाळेत विज्ञान शिकवत असे. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत न्यायला साधारण चार युनिट वीज लागते, हे गणित मी मुलांकडून फळ्यावर करून घेतलेलं आहे. सहा माणसांच्या घरात रोज तेवढी किंवा त्याहून जास्त वीज नुसत्या आंघोळीवर जाते. म्हणून हौसेपोटी नव्हे, पूर्ण विचार करून आम्ही सोलर घेतला.

आपले विक्री प्रतिनिधी आले, डायनिंग टेबलवर बसून त्यांनी कोटेशन लिहिलं आणि चहा घेऊन गेले. गच्ची बघायला चला, असं मी दोनदा म्हटलं. ‘मॅडम, आमचे फिटर बघून घेतील,’ असं उत्तर मिळालं. पुढचा सगळा त्रास इथूनच सुरू झाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

फिटर आले ते भर दुपारी एक वाजता. नळ्या उन्हात उघड्या मांडून ठेवल्या आणि तापल्यावर त्यांत गार पाणी सोडलं. एक नळी ठो करून फुटली. ती त्यांनी बदलून दिली, त्याबद्दल तक्रार नाही. पण नळ्या झाकून ठेवाव्यात किंवा सकाळी लवकर पाणी भरावं, एवढं ज्या माणसांना कोणी शिकवलेलं नाही, त्यांच्या हाती आपण ग्राहकाचं घर देता, हे मला त्याच दिवशी खटकलं होतं.

मूळ दोष पुढे लिहीत आहे. तो कृपया जोडणीचं काम समजणाऱ्या माणसानं वाचावा.

आमच्या जिन्यावरच्या स्लॅबवर १,००० लिटरची पाण्याची टाकी आहे. सोलरचं पाणी त्या टाकीतून येतं, म्हणजे सोलरची टाकी तिच्यापेक्षा खाली हवी. आमच्या मोकळ्या गच्चीवर, त्या स्लॅबपेक्षा पूर्ण नऊ फूट खाली, दक्षिणेकडे तोंड करून सोलर बसवायला भरपूर जागा आहे आणि तिथे कशाचीही सावली पडत नाही. तरीही फिटरनी सोलर त्याच स्लॅबवर, टाकीच्या शेजारी चढवला. कारण विचारल्यावर ‘इथे पाइप कमी लागतो’ असं सांगितलं.

डिसेंबरमध्ये मी आमच्या गल्लीत काम करणाऱ्या गवंड्याला बोलावलं. त्यानं पाणी भरलेली पारदर्शक नळी दोन्ही टाक्यांना लावून पातळी काढून दिली. सोलरमधून गरम पाणी जिथून बाहेर पडतं ते तोंड आमच्या टाकीच्या तळापासून बरोबर तीन फूट उंचीवर येतं. टाकी चार फूट उंच आहे. म्हणजे वरचं सुमारे अडीचशे लिटर पाणी वापरून झालं की उरलेलं साडेसातशे लिटर गार पाणी टाकीत तसंच असताना गरम पाण्याचा नळ बंद पडतो. सोलरमध्ये पाणी तापलेलं असतं, पण ते बाहेर यायला मागून रेटा नसतो. पाणी आपली पातळी सोडून वर चढत नाही, हे सातवीतलं मूलही सांगेल.

याचा पहिला मोठा फटका आम्हाला बसला तो २० ऑक्टोबरला, नरकचतुर्दशीच्या पहाटे. लेक आणि जावई आले होते. तेल-उटणं लावून सासूबाई न्हाणीघरात स्टुलावर बसल्या होत्या. नळ सोडला. अर्धी बादली ऊन पाणी आलं, मग नळ दोनदा फुस्स करून खोकला आणि थांबला. आधी उठलेल्यांनी तोंडं धुतली होती, स्वयंपाकघरात भांडी झाली होती, तेवढ्यात टाकीची पातळी तीन फुटांखाली गेली होती. अंगाला तेल लावलेली ८२ वर्षांची बाई शाल पांघरून अर्धा तास बसून राहिली आणि आम्ही गॅसवर पातेली चढवली. ‘आमच्या वाड्यात तांब्याचा बंब होता, सणाला त्यानं कधी असं केलं नाही,’ एवढंच त्या म्हणाल्या. मला ते फार लागलं. जुना गीझर काढायला मीच सांगितलं होतं.

त्या दिवशी फोन केला तर ‘ढगाळ हवामान असेल’ असं उत्तर मिळालं. नोव्हेंबरमध्ये निरभ्र आकाश असताना पुन्हा तेच ऐकवलं. मग एक जण आला. त्याच्याकडे शिडी नव्हती, तो वर न चढताच गेला. दुसरा म्हणाला, ‘लाइनमध्ये हवा अडकलीय.’ त्यानं नळ सोडून हवा काढली. तेव्हा टाकी नुकतीच भरलेली होती, त्यामुळे पाणी आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. ३ जानेवारीला दुपारी एक वाजता, टाकी काठोकाठ भरलेली असताना, मी स्वतः थर्मामीटर लावून पाहिलं: ६६ अंश. म्हणजे आपल्या नळ्या उत्तम आहेत, आणि ऊन तर आहेच. दोष फक्त जोडणीचा आहे.

याला जोडून दुसरी चूक. कोटेशनमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारी झडप) लिहिलेला आहे, पण तो बसवलेलाच नाही. त्यामुळे गार टाकीची पातळी उतरली की सोलरमधलं तापलेलं पाणी उलटं तिच्यात येतं. दुपारी स्वयंपाकघरात गार पाण्याचा नळ सोडला की हाताला कोमट लागतं, ते यामुळेच. दिवसभर उन्हानं तापवलेलं पाणी भांड्यांवर आणि संडासाच्या टाकीत जातं आणि पहाटे आंघोळीला उरत नाही.

तिसऱ्या भेटीत आपल्या माणसानं यावर उपाय म्हणून सोलरमधली विजेची कॉइल चालू करून दिली आणि ‘राहू द्या चालू, थर्मोस्टॅट आहे’ असं सांगितलं. त्याच्यावर विश्वास ठेवून आम्ही ती चालू ठेवली. कॉइल रात्रभर पाणी तापवते, पातळी उतरली की तेच पाणी गार टाकीत जातं, नवीन गार पाणी येतं, ते पुन्हा कॉइल तापवते. डिसेंबर २०२४ मध्ये दोन गीझरवर आमचे ३४२ युनिट झाले होते. डिसेंबर २०२५ मध्ये सोलर असून ३६८ झाले. बिलाच्या दोन्ही प्रती सोबत जोडल्या आहेत.

पैशांपेक्षा गंभीर बाब सुरक्षेची आहे. कॉइलचं झाकण आमच्या इलेक्ट्रिशियनने उघडलं तेव्हा अर्थिंगची हिरवी वायर कुठेही न जोडता नुसती गुंडाळून, वर चिकटपट्टी लावून ठेवलेली सापडली. वेगळा एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह झाला की आपोआप वीज तोडणारा स्विच, नाही. २ किलोवॉटची कॉइल पाण्यात आहे, त्याच पाण्यानं आमचं सात महिन्यांचं बाळ न्हातं, आणि अर्थिंग नाही. त्याच दिवशी आम्ही कॉइल बंद केली. याचे फोटो सोबत आहेत. आपण दुसरं काहीही वाचलं नाही तरी हा परिच्छेद वाचा आणि त्या फिटरनी जिथे जिथे सोलर बसवले असतील त्या सगळ्या घरी माणूस पाठवून तपासणी करा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणखी एक. आमच्याकडे टँकरचं आणि बोअरचं पाणी असतं, ते जड आहे. बादलीवर पांढरा थर बसतो. हे मी प्रतिनिधींना सांगितल्यावर त्यांनी आतून काचेचा लेप असलेली टाकी सुचवली आणि तिचे जादा पैसे घेतले. बिलावरही तसंच लिहिलेलं आहे. प्रत्यक्ष टाकीवरच्या स्टिकरवर मात्र साधी स्टेनलेस स्टीलची टाकी असल्याचं नमूद आहे. जड पाण्यात दोन्हींच्या आयुष्यात फरक पडतो, म्हणूनच आम्ही जास्त पैसे मोजले होते.

आमच्या मागण्या अशा आहेत. सोलर खाली गच्चीवर हलवून द्यावा किंवा आमची गार पाण्याची टाकी भक्कम लोखंडी स्टँडवर पुरेशी उंच करून द्यावी. यातलं काय योग्य ते आपल्या इंजिनिअरने स्वतः येऊन, मोजून, लेखी द्यावं. माझ्या मते खाली हलवणं बरं, कारण भरलेल्या टाकीचं वजन एक टनाहून जास्त होतं आणि ते आणखी उंचावर नेणं मला पटत नाही. वाढणारा पाइप गरम पाण्याला चालणारा आणि उष्णतारोधक आवरणासह असावा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग आणि एमसीबी करून द्यावा. बिलाप्रमाणे टाकी बदलून द्यावी. गॅरंटीची मुदत काम पूर्ण झाल्याच्या तारखेपासून धरावी. यातल्या कोणत्याही कामाचे पैसे आम्ही देणार नाही. डिसेंबरच्या जादा बिलाची भरपाई किती द्यायची ते आपण ठरवून कळवावं.

हे सगळं पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत व्हावं. न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, ही माहिती मी घेतलेली आहे. तशी वेळ येऊ नये असंच वाटतं.

कारण मला पैसे परत नको आहेत, सोलर हवा आहे. आमच्या गल्लीत अजून चार घरं सोलर घ्यायचा विचार करत होती. त्यांनी मला विचारलं आणि मी ‘जरूर घ्या’ म्हणाले होते. आता ती मंडळी आमची पहाटेची धावपळ बघतात आणि म्हणतात, ‘काकू, आपला गीझरच बरा.’ आपल्या पत्रकात महापालिकेच्या मिळकतकरातल्या सवलतीचा उल्लेख ठळक अक्षरांत आहे. ती सवलत चालू असलेल्या सोलरला असते, नुसत्या गच्चीवर ठेवलेल्या सोलरला नाही. तीन फुटांच्या चुकीमुळे या उन्हाबद्दलच लोकांचा विश्वास उडावा, हे मला सहन होत नाही.

आम्ही रोज दुपारी दोनपर्यंत घरी असतो. येण्याच्या आदल्या दिवशी फोन करावा, म्हणजे टाकी निम्मी रिकामी करून ठेवीन आणि दोष डोळ्यांसमोर दिसेल. शिडी आम्ही घेऊन ठेवली आहे. संक्रांतीनंतर सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, त्या घरी परत येण्याआधी न्हाणीघरातला नळ नीट चालावा, एवढी व्यवस्था करावी.

आपली,
ग्राहक (बिलावरील नाव व पत्त्याप्रमाणे)
धायरी, पुणे