बडोद्यात घर ठरवण्याआधी पार्किंगमधले विजेचे मीटर पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे-जून हा नव्या नेमणुकांचा हंगाम. जळगाव-धुळ्याकडून, नाशिक-पुण्याहून बडोद्याला रुजू व्हायला येणारे तरुण दोन-तीन दिवस हॉटेलात किंवा नातेवाइकांकडे उतरतात आणि तेवढ्यातच घर ठरवून मोकळे होतात. हाताशी असतो एखादा दलाल आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतली नेहमीची यादी: अलकापुरी उच्चभ्रू, मांजलपूर मध्यमवर्गीय, वासणा-भायली ‘झपाट्याने विकसित होणारे’. कामाची जागा तिथून किती लांब आणि ऑगस्टात पाणी कुठवर चढते, याबद्दल या याद्या गप्प असतात. घर भाड्याने घेणाऱ्याला नेमके तेच कळायला हवे, म्हणून हे पत्र.

आधी कामाच्या जागेबद्दल. नेमणूकपत्रावर ‘वडोदरा’ छापलेले असले तरी कारखाना हलोलला असू शकतो, म्हणजे शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर. बडोद्याचे औद्योगिक पट्टे चारही दिशांना पांगलेले आहेत. वायव्येला कोयलीची रिफायनरी, बाजवा, रणोली, नंदेसरी; उत्तरेला मंजुसर-सावली; पूर्वेला वाघोडिया, ईशान्येला हलोल; दक्षिणेला मकरपुरा, माणेजा आणि पुढे पोर. बँका, रुग्णालये, कार्यालये बरीचशी अलकापुरी, रेसकोर्स, गेंडा सर्कल या भागात. हलोलला जायचे तर गोल्डन चोकडी (चोकडी म्हणजे मोठा चौक) जवळ पडेल असे हरणी, आजवा रोड किंवा न्यू व्हीआयपी रोड बघावे. सावलीसाठी दुमाड चोकडीच्या अलीकडचे छाणी, समा, वेमाली. नंदेसरी-रिफायनरीसाठी छाणी, निझामपुरा, गोरवा. पोर-मकरपुऱ्यासाठी मांजलपूर, तरसाली. वाघोडियाला जाणाऱ्याने गोत्रीत घर घेतले, तर रोज सकाळ-संध्याकाळ अख्खे शहर आडवे कापावे लागते.

रुजू होण्याआधी कंपनीत स्टाफ बसबद्दल सविस्तर विचारावे. बस कोणत्या चोकडीला किती वाजता येते? जनरल शिफ्ट आणि रात्रपाळी यांचा मार्ग एकच आहे का? रात्रीच्या बसचे थांबे बहुधा कमी असतात आणि ती गल्लीबोळात शिरत नाही. पहिल्या पाळीसाठी पहाटे निघायचे तर त्या वेळी रिक्षा मिळेलच असे नाही, आणि सिटी बसवर विसंबून पाळी गाठता येत नाही. थांबा घरापासून चालत दहा मिनिटांच्या आत हवा. भाड्यात हजार-दीड हजार वाचवून थांब्यापासून तीन किलोमीटर लांब राहायला गेलेला माणूस ते पैसे पेट्रोलात घालतो.

विश्वामित्री नदी आणि रेल्वेचे रूळ शहराला उभे छेदतात. घर आणि काम यांच्या मध्ये यांपैकी काही येत असेल, तर ओलांडायचा रस्ता पावसाळ्यात कोणता, हे आधीच बघून ठेवावे. अलकापुरीचे गरनाळे, म्हणजे रुळांखालचा रस्ता, जोराच्या पहिल्या सरीतच भरते आणि बंद होते. मग सगळी वाहने जेतलपूर पुलाकडे वळतात. गेंडा सर्कल ते मनीषा चौक हा सुमारे साडेतीन किलोमीटरचा उड्डाणपूल २०२२ च्या अखेरीस सुरू झाला. त्याचा गाजावाजा खूप झाला, पण तो सगळा रुळांच्या पश्चिमेला आहे. गोत्री-वासण्याकडच्यांची सोय झाली. रूळ ओलांडायचे तर त्याचा काही उपयोग नाही. दक्षिणेला हायवेवर जांबुवा आणि पोरच्या अरुंद पुलांपाशी वाहने तुंबतात, त्यामुळे नकाशा वीस मिनिटे दाखवत असला तरी पोरला जाणाऱ्याने त्यावर भरवसा ठेवू नये.

आता पाणी. २०१९ मध्ये ३१ जुलैला एका दिवसात जवळजवळ २० इंच पाऊस पडला, तो बडोदेकर विसरलेले नाहीत. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस त्याहून वाईट झाले. काळा घोडा पुलापाशी विश्वामित्रीची धोक्याची खूण २५ फुटांच्या आसपास आहे. त्या वेळी पाणी ३५ फुटांच्या वर गेले. नव्या माणसाने लक्षात ठेवायची गोष्ट अशी की पाऊस थांबला म्हणजे पूर ओसरला असे होत नाही. नदी पावागढच्या बाजूने येते. वरच्या अंगाला आजवा सरोवर आहे, ते २१२-२१४ फुटांच्या आसपास भरले की त्याच्या ६२ दरवाजांतून पाणी सुटते. शहरात नदी वळणे घेत संथ वाहते, उतार अगदी कमी. त्यामुळे वर पडलेला पाऊस इकडे काही तासांनी पोहोचतो, आणि आला की दोन-तीन दिवस हलत नाही. पावसाचे साचलेले पाणी वेगळे. ते गटारे तुंबल्यामुळे येते आणि पाच-सहा तासांत निघून जाते. त्याचा त्रास होतो, पण त्यासाठी घर नाकारायची गरज नाही. नदीचे पाणी येत असेल तर मात्र जरूर नाकारावे. ‘इथे पाणी भरते का?’ या प्रश्नाला दलाल ‘थोडे, सगळीकडेच भरते’ म्हणतो, तेव्हा त्याला लगेच विचारावे: ‘किती तास?’

समा-सावली रोड, फतेहगंज, सयाजीगंज, कारेलीबागचा नदीकाठ, अकोटा, मुजमहुडा, वडसर ही २०२४ मधली ठळक नावे. पण विस्ताराच्या, म्हणजे वस्तीच्या, नावावर फुली मारून भागत नाही. समा हे सावलीच्या कारखान्यांना सोयीचे आहे आणि नेमका तिथलाच काही भाग नदीला लागून आहे. एकाच रस्त्यावरची एक सोसायटी कोरडी आणि पुढची कमरेइतक्या पाण्यात, असे झालेले आहे. शिवाय भूखी, मसिया, रूपारेल अशा कांसी, म्हणजे जुने ओढे, वस्त्यांमधून नदीकडे जातात. नदी फुगली की त्यांचे पाणी पुढे सरकत नाही, उलटे मागे येते. म्हणून नदीपासून लांब असलेले घरही कांसीच्या काठी असेल तर सुटत नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात नदीतला गाळ काढून पात्र मोकळे केले, हे चांगलेच झाले. पण तेवढ्या भरवशावर तळमजल्याचे घर कोणी घेऊ नये.

सोसायटीत गेल्यावर फ्लॅट नंतर बघा, आधी पार्किंग बघा. विजेचे मीटर जमिनीपासून किती उंच आहेत? गुडघ्याएवढ्या उंचीवर असतील, तर पाणी आले की वीज कंपनी पुरवठा बंद करते आणि पाचव्या मजल्यावरचाही माणूस अंधारात बसतो. मीटर उचलून छातीच्या वर लावलेले दिसले, तर त्या सोसायटीने पूर भोगला आहे आणि त्यातून शहाणपणाही घेतला आहे, असे समजावे. पाण्याची मोटर ओट्यावर आहे की जमिनीला टेकलेली? जमिनीखालच्या टाकीचे झाकण फरशीच्या पातळीला असेल, तर पुराचे पाणी थेट पिण्याच्या पाण्यात जाते. टाकी उपसून, धुऊन, क्लोरीन टाकून पुन्हा भरेपर्यंत सगळ्या सोसायटीला टँकर लागतो. टाकीच्या तोंडाभोवती दीड-दोन फुटांचा कठडा असलेला बरा. सोसायटीचे फाटक रस्त्यापेक्षा खाली आहे का, तेही बघा. दर डांबरीकरणाला रस्ता वर चढतो, त्यामुळे जुन्या सोसायट्या आपोआप खड्ड्यात गेल्या आहेत. भिंतीला कमरेपर्यंतच नवा रंग, लोखंडी फाटकावर एका सरळ रेषेत गंज, प्लास्टरला लोणा, या खुणा दलालाला लपवता येत नाहीत. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातला फ्रीज विटांवर चढवलेला असेल, तर कोणाला काही विचारायलाही नको.

रोजच्या पाण्याचेही थोडे. महापालिकेचे पाणी दिवसातून एकदाच, ठरावीक वेळी येते. शहराच्या पूर्वेकडच्या बऱ्याच भागांना ते आजव्याचे, निमेट्याला शुद्ध करून मिळते. पश्चिम आणि उत्तरेकडे मुख्यतः महीकाठच्या विहिरींचे. भायली, सेवासी, बील, वेमाली, उंडेरा, करोडिया, वडदला ही सात गावे २०२० मध्ये महापालिकेच्या हद्दीत आली, पण हद्द वाढली म्हणून नळ लगेच आला असे नाही. तिकडच्या चकचकीत टॉवरमध्ये घर घेताना एकच विचारा: पाणी नळाचे की बोअरचे? बोअरचे असेल तर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, मोजा, पेनाएवढे यंत्र थोडक्या पैशांत मिळते. ५०० पर्यंत ठीक. २००० ही दुसरा स्रोतच नसेल तेव्हाची मर्यादा. हजाराच्या पुढे गेले की गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, नळांच्या जाळ्या बुजतात आणि आरओची मेंब्रेन लवकर बदलावी लागते. हा खर्च भाडेकरूच्याच खिशातून जातो.

वायव्येला राहणार असाल तर घर दुपारी बघून ठरवू नका. रासायनिक कारखान्यांचा वास रात्री आणि पहाटे, हवा थंड आणि स्थिर असताना, खाली बसतो. दुपारी त्याचा मागमूसही नसतो. पहाटे सहाला एकदा तिथे जाऊन उभे राहावे.

कागदपत्रांची इथली रीत महाराष्ट्रापेक्षा निराळी आहे. तिकडे लीव्ह अँड लायसन्स करार नोंदवावाच लागतो. इथे बहुतेक ठिकाणी ११ महिन्यांचा करार स्टॅम्पपेपरवर करून नोटरीकडे नेतात. करारासोबत मालकाच्या वेरा बिलाची (घरपट्टीची) आणि लाइट बिलाची प्रत मागून घ्या. गॅस, बँक, शाळा, सगळीकडे पत्त्याचा पुरावा म्हणून तीच लागते. भाडेकरूची पोलीस ठाण्यात नोंद मालकाने करायची असते. ती झाली का, हे आपणच विचारावे. लाइट बिल दोन महिन्यांनी येते, त्यामुळे आधीच्या भाडेकरूचे थकलेले युनिट तुमच्या माथी येऊ शकतात. ताबा घेताना मीटरचा फोटो काढून मालकाला पाठवा. पाइप गॅस चालू असेल तर त्याच्या मीटरचाही.

मासे-मटण खाणाऱ्यांनी ते आधीच स्पष्ट सांगावे. बऱ्याच सोसायट्यांत चालत नाही, आणि अनामत देऊन झाल्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. एकट्या मुलामुलींना घर देतानाही खळखळ होते. अशा वेळी चार दारे ठोठावण्यापेक्षा आधीपासून भाड्याने जाणारे फ्लॅट असलेली इमारत शोधणे सोपे.

विकत घ्यायची घाई मात्र करू नये. निदान एक पावसाळा भाड्याने काढावा. घ्यायचेच ठरले, तर बी.यू. (बिल्डिंग यूज, म्हणजे इमारत वापरण्याची) परवानगी झाली आहे का ते बघा. ती नसलेल्या इमारतीत पाणी आणि ड्रेनेजच्या जोडणीचे घोंगडे भिजत पडते. जुने शहर आणि आणखी काही विस्तारांना १९९१ चा अशांत धारा, म्हणजे ‘अशांत’ ठरवलेल्या भागांतल्या मालमत्ता-विक्रीचा कायदा, लागू आहे. तिथे दस्तावेज करण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, म्हणून बँकेच्या कर्जाच्या मुदतीत त्या परवानगीला लागणारा वेळ धरून चालावे. मुद्रांक शुल्क ४.९ टक्के, नोंदणी फी १ टक्का; घर स्त्रीच्या नावावर असेल तर नोंदणी फी माफ.

मुले असतील त्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती विषय सर्व बोर्डांच्या शाळांत सक्तीचा आहे. पाचवी-सहावीत आलेल्या मुलाला बाराखडीपासून सुरुवात करावी लागते. लिपी देवनागरीच्या जवळची असल्याने दोन-तीन महिन्यांत वाचन जमते, लिहिण्याला वेळ लागतो. शिकवणी घराजवळ मिळते का, ते शाळेच्या आधी बघावे.

आणि मराठी शेजार? दांडिया बाजार, रावपुरा, शियाबागेत तो अजून आहे. गणपतीत ते जाणवतेच. पण तिथली जुनी घरे बिनालिफ्टची, पार्किंग नाही, आणि हलोल-सावलीच्या बसला तिथून चोकडी गाठणे हा वेगळाच प्रवास. मराठी बोलायला मिळावे म्हणून रोजचे दोन तास रस्त्यावर घालवण्यापेक्षा चोकडीजवळ राहून रविवारी खंडेराव मार्केटला बाजाराला यावे, मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीचे सभासद व्हावे. १९१० पासूनच्या त्या संग्रहात मराठी पुस्तकांची कपाटे भरलेली आहेत.

घरांच्या पुरवणीत विस्तारांची यादी छापताना आपण प्रत्येक नावापुढे तीन रकाने वाढवावेत, ही विनंती: २०२४ मध्ये नदीचे पाणी कुठल्या गल्लीपर्यंत आले, रोजचे पाणी महीचे, आजव्याचे की बोअरचे, आणि कारखान्यांच्या बसची सर्वांत जवळची चोकडी कोणती. पहिल्या रकान्याची माहिती महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयांतून मिळायला हवी. त्यांनी देण्यास टाळाटाळ केली, तर तेही छापावे.

आपला,
एक वाचक, बडोदे